हुशार आहे, पण

मराठी भाषेतला सगळ्यात महाग शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं (आजवर कुणी विचारलेलं नाही, तरी मी तयारीत असतो), तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : 'पण'. दिसायला बिचारा दोन अक्षरांचा. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. मात्र आयुष्यभराचं नुकसान करायची त्याची ताकद आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'शिक्षकांचा शेरा' नावाचा जो रकाना असतो, त्यात हा 'पण' जन्माला येतो. 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' 'हुशार आहे, पण उलट उत्तरे देतो.' 'हुशार आहे, पण खिडकीबाहेर पाहतो.' स्वल्पविरामाच्या अलीकडचं कुणी वाचत नाही. बाप सही करतो ती पलीकडचं वाचून, आणि पाठीत धपाटा बसतो तोही पलीकडच्याच खात्यावर.

माझ्या प्रगतिपुस्तकात दहा वर्षं एकच शेरा होता : 'ठीक.' ठीकला 'पण' लागत नाही. 'ठीक आहे, पण' असं म्हणायला पुढे काही शिल्लकच राहत नाही. असा बिनपणाचा मुलगा कॉमर्सला जातो, बी.कॉम. होतो आणि स्पर्धा परीक्षेत आणखी एकदा 'ठीक' मिळवून बँकेत लागतो. गेली बावीस वर्षं मी काउंटरच्या आत बसतो आहे. काउंटरच्या बाहेर 'पण'वाले उभे असतात. कुणाची सही जुळत नाही, कुणी फॉर्म हिरव्या शाईने भरलेला असतो, कुणाचा फोटो चौकटीबाहेर गेलेला असतो. माझं त्यांच्याशी वैर नाही. उलट अलीकडे मला एक प्रश्न छळायला लागला आहे. जो चौकटीत बसत नाही, त्याचं आपण चौकटीत बसलेले लोक काही देणं लागतो का?

बँकेत या प्रश्नाची सोय केलेली आहे. एखादी रक्कम कुठल्याच खात्यात बसेना, तर ती 'सस्पेन्स'ला टाकायची आणि घरी जायचं. यथावकाश खुलासा होतो, किंवा इन्स्पेक्शनवाले येऊन खुलासा मागतात. माणसांसाठी मात्र अजून असं खातं निघालेलं नाही. माणूस जुळला नाही की त्याला सरळ 'चूक' म्हणून लाल शाईने छेद देतात.

आता होल्डन कॉलफिल्डचंच बघा. जे. डी. सॅलिंजर नावाच्या अमेरिकन लेखकाची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १९५१ साली आली. तिचा नायक हा सोळा वर्षांचा पोरगा. पाचांपैकी चार विषयांत नापास, शाळेतून काढलेला, डोक्यावर लाल रंगाची शिकारी टोपी. शाळेतून निघून न्यूयॉर्कमध्ये भटकतो आणि टॅक्सीवाल्यांना विचारतो, सेंट्रल पार्कमधलं तळं हिवाळ्यात गोठलं की तिथली बदकं कुठे जातात? मी हे पुस्तक विसाव्या वर्षी कॉस्ट अकाउंटिंगच्या तासाला बाकाखाली धरून वाचलं. त्या पंचेचाळीस मिनिटांत मी संपूर्ण होल्डन झालो होतो. सगळं जग ढोंगी आहे याबद्दल माझी खात्री पटली होती आणि त्या जगात पहिला नंबर कॉस्ट अकाउंटिंगच्या सरांचा होता.

मध्यंतरी ते पुस्तक पुन्हा हातात आलं. वाचायला बसलो आणि दुसऱ्याच प्रकरणात अडकलो. त्यात स्पेन्सर नावाचे इतिहासाचे म्हातारे मास्तर आहेत. होल्डन त्यांचा निरोप घ्यायला जातो. मास्तर तापाने आजारी आहेत, अंगात जुनाट झगा आहे, खोलीभर नाकात घालायच्या व्हिक्सच्या थेंबांचा वास आहे. हातातलं मासिक पलंगावर भिरकावतात आणि पलंग जेमतेम दोन इंचांवर असून नेम चुकतो. या पोराला त्यांनीच नापास केलेलं आहे आणि आता त्याचाच पेपर त्याला मोठ्याने वाचून दाखवताहेत. विसाव्या वर्षी मला ते मास्तर भयंकर वाटले होते. या खेपेला माझ्या लक्षात आलं की, माझ्या उशाशी व्हिक्सची डबी आहे, झगा नसला तरी शाल आहे, आणि माझाही नेम चुकतो. पुस्तक तेच, वाचणारा तोच. फक्त मधल्या काळात माझी बदली होल्डनच्या बाजूकडून स्पेन्सरच्या बाजूकडे झाली होती, आणि ऑर्डर मला मिळालीच नव्हती.

आणि खरं सांगू? स्पेन्सरांची बाजू लंगडी नाही. त्यांच्यासमोर काय होतं? एक अर्धाकच्चा पेपर, आणि त्याच्याखाली 'तुम्ही मला नापास केलंत तरी चालेल' अशा अर्थाची चिठ्ठी. होल्डनच्या डोक्यात काय चाललंय, मेलेल्या धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने लिहिलेल्या कविता तो कसा जपतोय, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण सॅलिंजरने आपल्याला आतून दाखवलं. मास्तरांकडे सॅलिंजर नव्हता. त्यांच्याकडे हजेरीपट होता. आपल्याकडे १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली, तेव्हा पांडुरंग सांगवीकराच्या मागेही मराठी तरुण असेच धावले. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला आणि शेवटी गावी परत गेलेला हा पोरगा. मीही धावलोच होतो. आता मला पांडुरंगापेक्षा सांगवीला बसून पैसे पाठवणारे त्याचे वडील जास्त दिसतात. मुलगी कॉलेजात गेली की साहित्यसमीक्षा अशी बदलते.

म्हणजे पहिला घोळ ओळखण्याचा. कादंबरीतल्या पोरांची हुशारी लेखक तारण ठेवून देतो. खऱ्या पोरांचं काय?

खऱ्या पोरांतली एक सांगतो. डेलिया डर्बीशायर, जन्म १९३७, गाव इंग्लंडातलं कॉव्हेंट्री. १९४० साली जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढलं तेव्हा ही तीन वर्षांची होती. हवाई हल्ल्याच्या भोंग्यांनी बाकीची पोरं घाबरली असतील. हिच्या डोक्यात ते आवाज 'संगीत' म्हणून शिल्लक राहिले. (इथे 'हुशार आहे, पण' सुरू झालं.) पुढे केंब्रिजला गणित आणि संगीत शिकली. १९५९ साली डेक्का या रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली. आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही, असं उत्तर मिळालं. संपलं. त्या उत्तरात राग नव्हता, लोभ नव्हता. काउंटरच्या आतून असंच बोलतात. मी रोज बोलतो. 'केवायसी अपूर्ण आहे' म्हणताना माझ्या मनात त्या माणसाबद्दल काडीचाही आकस नसतो, आणि नेमकं तेच समोरच्याला सहन होत नाही.

१९६० साली ती बीबीसीत लागली आणि १९६२ साली रेडिओफोनिक वर्कशॉप नावाच्या खात्यात गेली. खातं म्हणजे काय, तर मेडा व्हेलच्या स्टुडिओतली खोली. ती इमारत मुळात चाकांच्या बुटांवर घसरण्याची जागा म्हणून बांधलेली. आत बरीचशी यंत्रं दुसऱ्या खात्यांनी मोडीत काढलेली. काम कोणतं, तर नाटकांना लागणारे चमत्कारिक आवाज तयार करायचे. १९६३ साली 'डॉक्टर हू' ही मालिका निघाली. रॉन ग्रेनर या संगीतकाराने चालीचा कागद लिहून दिला. आजच्यासारखे सिंथेसायझर तेव्हा नव्हते. डेलियाबाईंनी एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला, ऑसिलेटर नावाच्या यंत्राची शीळ घेतली, टेप कमीजास्त वेगाने फिरवून एकेक सूर काढला, मग ब्लेडने टेप कापून सुराला सूर चिकटवला. सूर किती लांब, तर टेप किती इंच, हा हिशेब. डिक मिल्स नावाचा सहकारी मदतीला. असे तीन पदर तयार केले आणि तीन यंत्रं एकाच वेळी सुरू करून ते एकत्र बांधले. मी हे वाचलं तेव्हा प्रथम मनात आलं की, ही बाई आमच्या क्लिअरिंगला असती तर काय बहार झाली असती! आमच्याकडे चेक चिकटवतानासुद्धा उलटे चिकटतात.

ग्रेनरने तयार झालेला तुकडा ऐकला आणि विचारलं, हे मी लिहिलंय? बाई म्हणाल्या, बरंचसं. इतकं नम्र आणि इतकं खोचक उत्तर मी मराठी घरात फक्त सासूबाईंकडून ऐकलं आहे.

आता इथून माझ्या प्रश्नाला खरी धार येते. ग्रेनर भला माणूस. त्याने बाईंचंही नाव लागावं म्हणून खटपट केली. बीबीसीने नकार दिला. वर्कशॉपातल्या कुणाचंच नाव लावायचं नाही, खात्याचं नाव लावायचं, असा रिवाज होता. मी हे वाचून पहिल्यांदा मान डोलावली. बरोबरच आहे. मी बावीस वर्षांत हजारो ड्राफ्ट लिहिले, एकावर तरी 'हस्ताक्षर : अमुक तमुक' असं छापलं का? नियम सगळ्यांना सारखा. मग रात्री पडल्या पडल्या विचार करायला लागलो (रिकव्हरीचा ताण असला की मी तत्त्वचिंतन करतो). नियम सगळ्यांना सारखा, हे खरं. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. माझं नाव ड्राफ्टवर नसल्यामुळे माझं काय गेलं? शून्य रुपये शून्य पैसे. तिचं काय गेलं? जवळजवळ सगळंच. छत्री वापरायला बंदी असा नियम केला, तर तोही सगळ्यांना सारखाच असतो. भिजतो मात्र छत्री असलेला आणि रेनकोट नसलेला माणूस. सारखेपणा म्हणजेच न्याय, हे मी आजवर नोकरीतलं पहिलं सूत्र म्हणून धरून चाललो होतो. ते सूत्र त्या रात्री जरा सैल झालं. दुसऱ्या दिवशी मात्र कामावर तेच वापरलं, कारण दुसरं उपलब्ध नाही.

बाईंनी १९७३ साली बीबीसी सोडली. मग गॅसची पाइपलाइन टाकण्याच्या कामावर रेडिओ ऑपरेटर, चित्रांच्या गॅलरीत नोकरी, पुस्तकांच्या दुकानात नोकरी. २००१ साली वारल्या. माळ्यावर २६७ टेपा निघाल्या, त्याही नाश्त्याच्या सीरिअलच्या खोक्यांत भरलेल्या. आणि 'डॉक्टर हू'च्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं कधी, तर २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या खास भागात. आमच्या बँकेत पेन्शनच्या फाइली रखडतात त्या मी पाहिल्या आहेत, पण पन्नास वर्षं म्हणजे आम्हीसुद्धा हात टेकले.

असं काही सांगितलं की एक गृहस्थ हमखास म्हणतात, "अहो, संघर्षामुळेच माणूस घडतो." हे गृहस्थ बहुधा वडिलोपार्जित घरात राहतात. मला हे वाक्य अजिबात पटत नाही आणि त्याला माझ्याकडे कॉमर्सचा आधार आहे. अपॉर्च्युनिटी कॉस्ट नावाची एक चीज आम्हाला शिकवली होती : जे केलं त्याची किंमत म्हणजे जे करता आलं असतं आणि केलं नाही ते. आणि सरांनी हेही सांगितलं होतं की, ही किंमत कुठल्याच वहीत दिसत नाही. पाइपलाइनवर ज्या दिवसांत बाई वायरलेसवर बोलत होत्या, त्या दिवसांतलं संगीत कुठल्या बॅलन्सशीटला दाखवायचं?

याच्या उलट बाजूचेही लोक आहेत. थोर माणसं शाळेत नापास होती, मी शाळेत नापास आहे, सबब मी थोर आहे. आमच्या शाखेत एक जण रोज पावणेअकराला उगवतो आणि प्रतिभावंतांना वेळेचं बंधन नसतं असं सांगतो. त्याची प्रतिभा कुठे आहे, याचा खुलासा बावीस वर्षं सस्पेन्सला पडून आहे. आमच्या गल्लीत सायलेन्सर काढून मोटारसायकल फिरवणारी पोरं आहेत. त्यांना थोपवलं तर इलेक्ट्रॉनिक संगीताचं नुकसान होईल, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

शिवाय हे बाहेरचे लोक नेहमी तरुण आणि बंडखोर असतात, हेही खोटं आहे. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाचं उदाहरण घ्या. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवून पोट भरणारा सरळमार्गी माणूस. १९८२ साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रं जुळवली, त्यांवर डिस्कोच्या ठेक्यात भैरव, ललित, भूपाळी असे दहा राग बसवले आणि रेकॉर्ड काढली. तेव्हा वय बेचाळीस. (हे वय वाचून मी चहाचा कप खाली ठेवला होता.) रेकॉर्ड काही चालली नाही. त्यांतलं टीबी-३०३ नावाचं यंत्रही चाललं नाही. ते बेस गिटारवाल्याऐवजी साथीला ठेवायचं म्हणून बनवलं होतं, पण बेस गिटारसारखं ते वाजेना. १९८४ साली कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं. हुशार आहे, पण! मग जुन्या बाजारात ते स्वस्तात आलं, तेव्हा शिकागोतल्या फ्युचर नावाच्या टोळक्यातल्या पोरांनी उचललं, त्याचे कान पिळत बसले, आणि १९८७ साली त्यातून जे निघालं त्याला जग 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून नाचायला लागलं. चरणजितांची रेकॉर्ड २०१० साली परदेशातून पुन्हा निघाली आणि लोक चाट पडले, कारण मुंबईतला हा माणूस ललित आळवता आळवता पाच वर्षं आधीच जवळपास तिथे पोचून बसला होता. २०१५ साली ते वारले. शेवटच्या काही वर्षांत त्यांना कौतुक पाहायला मिळालं. हे थोडकं नव्हे.

मग माझ्यासारख्याने करायचं काय? प्रतिभा ओळखणं आमच्या ग्रेडला नाही. त्याचं उत्तर मला अगदी अनपेक्षित जागी मिळालं, तेही अर्धवट. रेडिओफोनिक वर्कशॉप १९५८ साली ज्यांनी खटपट करून उभं केलं त्यांत डॅफ्नी ओरॅम होत्या. वर्कशॉप होण्याआधी या बाई बीबीसीत साध्या नोकरीला होत्या. संध्याकाळी सगळे घरी गेले की वेगवेगळ्या खोल्यांतली टेपची यंत्रं ढकलत एका जागी आणायच्या, रात्रभर प्रयोग करायचे आणि सकाळी माणसं यायच्या आत सगळी यंत्रं जागच्या जागी. आता मला सांगा, ही यंत्रं म्हणजे काही टाचणीची डबी नव्हे. ती ढकलताना आवाज होणार. एखादा पहारेकरी, एखादा झाडूवाला, रात्रपाळीचा एखादा कारकून यांपैकी कुणी तरी हे पाहिलं असणारच. आणि त्या माणसाने, माझा असा तर्क आहे, नोंद केली नाही. रजिस्टर होतं, पेन होतं, नियम होता. त्याने कूस बदलली. मी आयुष्यभर नोंदी केल्या. न केलेल्या नोंदीलाही काही पुण्य लागत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. होल्डनच्या गोष्टीतही दुसरा टॅक्सीवाला बदकांच्या प्रश्नावर वैतागतो, पण निदान तळ्यातल्या माशांचं काय होतं ते तरी तावातावाने सांगतो. उत्तर चुकीचं असेल. पोराला टॅक्सीतून उतरवलं नाही ना?

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. बारावी सायन्स. हुशार आहे, पण मोबाइल घेऊन आवाज गोळा करतो. कुकरची शिट्टी, पंपाची घरघर, भंगारवाल्याची हाक. लिफ्टमधली जी बाई 'कृपया दरवाजा बंद करें' म्हणते, तिचा आवाज त्याने लॅपटॉपवर आठ पट सावकाश केला, आणि एका रविवारी दुपारी तो जिन्यातून असा घुमला की, शरपंजरी भीष्म बोलताहेत असं वाटून पहिल्या मजल्यावरच्या आजींनी देवापुढे दिवा लावला. झालं. कमिटीच्या सभेत विषय क्रमांक ४ : तिसऱ्या मजल्यावरून येणारा आवाज. बँकेत असल्याच्या पापामुळे मी सोसायटीचा कायमचा खजिनदार आहे, आणि सेक्रेटरी परगावी गेल्यामुळे त्या दिवशी इतिवृत्तही माझ्याकडे होतं. विषय क्रमांक ३ पाण्याच्या टाकीचा होता. टाकीबद्दल मी एकापाठोपाठ एक सहा शंका काढल्या. टाकी हा विषय आमच्याकडे असा आहे की, एक शंका काढली तरी पाऊण तास जातो. साडेदहा वाजले, चेअरमनसाहेबांना जांभई आली, आणि मी अत्यंत सत्याला धरून लिहिलं : 'विषय क्र. ४ वेळेअभावी पुढील सभेत घेण्याचे ठरले.' पुढील सभा गणपतीनंतर.

पोरगा प्रतिभावंत आहे का? मला कल्पना नाही. बहुधा इंजिनिअर होईल. त्याच्या वडिलांनी मला एकदा जिन्यात धरून विचारलं, "साहेब, या असल्या शिक्षणाला कर्ज मिळतं का हो?" मी म्हटलं, "फॉर्म आणून देतो." आणि आणून दिला. फॉर्मवर 'अपेक्षित उत्पन्न' असा रकाना आहे. तो अजून कोरा आहे.

परवा तो मुलगाच घरी आला. "काका, तुमच्याकडे सोसायटीचा शिक्का आहे ना? त्याचा आवाज पाहिजे." आता शिक्का मारणं ही गोष्ट मला कुणी शिकवायची नाही. पॅडवर एक, कागदावर एक, पुन्हा पॅड, पुन्हा कागद. मी जेवणाच्या टेबलावर रद्दीचा गठ्ठा घेतला आणि सुरू केलं. पाऊण तास मी शिक्के मारत होतो आणि तो कानाला मोठे हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता. हिने आतून विचारलं, "ऑफिस घरीच आणलंत का?" त्याने हाताने तिला गप्प राहायची खूण केली, माझी हे कधी हिंमत झाली नसती. शेवटी त्याने हेडफोन काढले आणि माझ्याकडे जरा आदराने पाहत म्हणाला, "काका, तुमचे दोन शिक्के कधीच सारखे पडत नाहीत. प्रत्येक वेळी कागदावरचा ठप्पा किंचित उशिरा येतो. आणि तो उशीरही दर वेळी वेगळा."

बावीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरला हे सापडलं नव्हतं.